टिलीला पकडण्याचा अभ्यासक्रम

माझी बायको मार्लिस गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंकपाशी कप विसळत होतो. हॉस्पिटलमधली बाई फार हळू आवाजात बोलली. मी तिला "बरं" म्हणालो, तिचे आभार मानले, फोन ठेवला आणि उरलेले कप विसळले. काहीतरी करायला हवं एवढं कळत होतं, आणि समोर कप होते.

मी कुणालाही कळवलं नव्हतं. पण आमच्या एल्सबर्ग गावात कळवावं लागत नाही. दुपारच्या आत पहिली हॉटडिश दारात आली. आमच्याकडे माणूस गेलं की लोक फारसं बोलत नाहीत. आमचे पणजोबा नॉर्वेहून बोटीने आले तेव्हा बोलण्याची सवय सामानात बसली नसावी. बोलण्याऐवजी लोक ओव्हनमध्ये काहीतरी भाजून आणतात. खाली खिमा, मध्ये डब्यातलं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर. संध्याकाळपर्यंत माझा फ्रीज भरला आणि मग शेजारच्या आर्डिसचा भरला. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी होती. दुःख आपल्या जागी, पण भांडं परत गेलं पाहिजे.

शेवटची भांडी आत ठेवून आर्डिस मागच्या दारात उभी राहिली.

"ऑरिन, टिली ओरडतेय."

"ओरडू दे."

"तिला सकाळपासून कुणी काही घातलं नसेल."

टिली ही मार्लिसची घोडी. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभावाने एखाद्या विधवा जमीनदारणीसारखी. आमच्या संसारात कामांची वाटणी स्पष्ट होती. घोडी तिची, गाडी माझी. मी जन्मभर काउंटीच्या ऑफिसात नंबरप्लेटच्या काउंटरमागे बसलो. माझ्या हाताखालून हजारो वाहनं गेली, पण त्यातल्या एकालाही नाक नव्हतं.

मी गवताचा एक गठ्ठा उचलून कुंपणापलीकडे टाकला. पुरे की कमी, मला माहीत नव्हतं. टिलीने गवताकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. ती घराच्या दाराकडे बघत राहिली. मी आत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गवत संपलेलं होतं आणि ती परत दाराकडे बघत होती.

मार्लिसला पुरल्यावर, चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खाऊन झाल्यावर, आमची मुलगी कॅरिन विमानाने परत गेली आणि मी आणि टिली असे दोघं राहिलो. आमचं बरं चाललं होतं, म्हणजे मी गवत टाकायचो आणि ती मी गेल्यावर खायची. असे संसारही मी पाहिले आहेत.

मग लोनी आला.

लोनी बाडे हा नालबंद. ठरलेल्या आठवड्यांनी येऊन टिलीचे खूर कापायचा. त्याने ट्रकचं मागचं फळकूट खाली पाडलं, चामड्याचा एप्रन बांधला आणि म्हणाला, "आण तिला."

मी मोरकी, म्हणजे घोड्याच्या तोंडाभोवती घालायचा दोर, घेऊन कुंपणात शिरलो. यानंतर जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण ते आमच्या गावात पुरेशा विस्ताराने सांगितलं गेलेलं आहे. मी चाललो, टिली चालली. मी थांबलो, टिली थांबली. मी पळालो, तेव्हा तिला पळायची गरज पडली नाही, कारण माझा गॅलिस तुटला आणि मला विजार धरावी लागली. शेजारचा डेल्बर्ट गवत कापायच्या मशीनवर बसून अंगण कापत होता. त्याने मशीन बंद केलं. आवाजामुळे दृश्याचा आनंद घेता येत नव्हता.

लोनीने फळकुटावर बसून सगळं सँडविच खाल्लं.

"लोनी, जरा मदत कर की."

"मी खूर कापतो, ऑरिन. घोडे पकडत नाही. घोडा धरून ठेवणं मालकाचं काम."

तो उद्धटपणा नव्हता. आमच्याकडचा प्रत्येक नालबंद हेच म्हणतो, नाहीतर त्याचा दिवस घोड्यामागे पळण्यात जाईल. त्याने एप्रन सोडला. "मार्लिस फार चांगली बाई होती," तो म्हणाला, आणि एवढं बोलून दमल्यासारखा जरा थांबला. "पण खूर वाढले की चिरतात. चिरले की लंगडते. थंडीच्या आत पकड तिला. जमलं की फोन कर."

हे मी फोनवर कॅरिनला सांगितलं, ही चूक झाली.

"बाबा, ऑक्टोबरच्या जनावरांच्या बाजारात देऊन टाकू तिला. डेल्बर्टकाकांकडे ट्रेलर आहे. मी बोलते त्यांच्याशी."

"म्हातारी घोडी, कुणाच्या हाताला येत नाही. तिला कोण घेईल?"

अशा घोड्या बाजारात कोण घेतं आणि त्यांना कुठे नेतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

"मी शिकतो," मी म्हणालो.

"काय शिकता?"

"घोडी पकडायला."

"बाबा, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. मी ऑक्टोबरात येते. तोवर ती तुमच्या हाताला आली तर राहू दे. नाही तर ट्रेलर."

मी कबूल झालो. मोठ्या धिटाईने झालो, कारण ऑक्टोबर लांब होता.

आमच्या गावात फुकट सल्ला मिळायची जागा म्हणजे जनावरांच्या खाद्याच्या दुकानातलं कॉफीचं टेबल. तिथे रोज सकाळी तीच माणसं तीच कॉफी पीत त्याच खुर्च्यांवर बसतात, आणि एखाद्याला अडचण आली की त्यांना महिनाभराचं काम मिळतं. एक म्हणाला, घोडीकडे पाठ करून उभा राहा, ती आपण होऊन येईल. मी ओट्सची बादली हातात धरून पाठ करून उभा राहिलो. ती आपण होऊन आली, ओट्स संपवले आणि गेली. दुसरा म्हणाला, रेडिओ लाव. मी पंधरवडाभर रेडिओ लावला. आमच्याकडे दिवसा रेडिओवर शेतमालाचे भाव असतात. टिलीचं वागणं बदललं नाही, पण सोयाबीन उतरत चाललंय हे आम्हा दोघांना कळलं.

आर्डिस म्हणाली, "मार्लिसचा कोट घालून बघ. वास ओळखेल."

कोट मला बाह्यांत आखूड झाला. मी तो घालून कुंपणात उभा राहिलो. टिली जवळ आली. पहिल्यांदाच इतकी जवळ. तिने कोट हुंगला. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, अजून कुणी येतंय का म्हणून. बराच वेळ पाहत राहिली. मी आत गेलो आणि कोट जागेवर टांगला. तो सल्ला परत वापरला नाही.

शेवटी आर्डिसच म्हणाली, "कॉलेजात शिकवतात हे. माझी भाची शिकली. तू जात का नाहीस?"

आमचं कम्युनिटी कॉलेज महामार्गाच्या कडेला आहे. बसक्या इमारती, मागे घोड्यांचं मोठं शेड. वेल्डिंग, नर्सिंग, डिझेल इंजिनं आणि घोडे असं सगळं एका छपराखाली शिकवतात. मी प्रवेशाच्या खिडकीपाशी गेलो. पलीकडे एक मुलगी बसली होती.

"मला घोडे हाताळण्याचा वर्ग हवाय."

"तो दुसऱ्या पायरीचा वर्ग आहे. आधी 'प्राणीसेवा, ओळख' करावा लागतो."

"मला फक्त एक घोडी पकडायचीय."

"हो, पण आधी ओळख."

तिच्या जागी असतो तर मीही हेच सांगितलं असतं, अगदी याच आवाजात. म्हणून राग जास्त आला. काउंटरच्या या बाजूला उभं राहून हे वाक्य कसं ऐकू येतं याची मला आजवर कल्पना नव्हती.

मग तिने माझ्या हायस्कूलचा दाखला मागितला. माझं हायस्कूल शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झालं, ती शाळा आणखी एका शाळेत विलीन झाली, आणि आमच्या इमारतीत आता खाद्याचं दुकान आहे, तेच, कॉफीच्या टेबलाचं. तिथे गुरांनी चाटायच्या मिठाच्या ठोकळ्यांच्या वर आमच्या वर्गाचा फोटो अजून टांगलेला आहे. मी दुकानदाराची परवानगी काढली, फोटो खिळ्यावरून उतरवला आणि खिडकीत नेऊन ठेवला.

"यातले तुम्ही कोण?"

मी बोट ठेवलं. तिने फोटोकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं.

"खरंच?" ती म्हणाली.

मी आयुष्यात पुष्कळ लोकांची लायसन्सं त्यांच्या चेहऱ्याशी ताडून पाहिली आहेत, पण "खरंच?" असं कधी विचारलं नाही. निदान मोठ्याने नाही.

शेवटी तिने मला सल्लागारबाईंकडे पाठवलं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक सल्लागार असतो. बाईंनी हसून खुर्ची दाखवली आणि विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

खरं उत्तर दिलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. मी म्हणालो, "घोडीच्या जवळ." त्यांना ते आवडलं. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बराच वेळ टाइप केलं, मला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं आणि मी विद्यार्थी झालो.

उन्हाळ्याच्या सत्रात "प्राणीसेवा" हा विषय. प्राणीसेवा म्हणजे, निदान पहिले काही आठवडे, कुत्र्यांच्या आंघोळी. माझ्या वर्गात सगळ्या मुली, माझ्या नातीच्या वयाच्या, आणि एक मी. कुत्र्याचं अंग कसं भिजवायचं, कानात पाणी कसं जाऊ द्यायचं नाही, नखं कुठवर कापायची. मी सगळं मन लावून शिकलो. मग केस कापण्याची परीक्षा आली आणि प्रत्येकाने एक कुत्रं आणायचं ठरलं. आर्डिसने आपण होऊन तिची ट्रिक्सी देऊ केली. ट्रिक्सी म्हणजे पांढऱ्या लोकरीचा गोळा, मध्ये कुठेतरी डोळे. फुकटात काम होतंय असं आर्डिसला वाटलं असणार.

केस कापायच्या मशीनला पुढे एक कंगव्यासारखं झाकण असतं. ते असलं की केस बोटभर राहतात. ते नसलं की राहत नाहीत. माझं झाकण मानेपाशी निसटलं. मला कळलं तेव्हा मी शेपटीपाशी होतो.

पाठीवरून सरळ एक गुलाबी रस्ता गेला होता. शेजारच्या टेबलावरची मुलगी हातातला ब्रश तसाच धरून थांबली आणि म्हणाली, "ऑरिन, आता दोन्ही बाजू त्याला जुळवून घ्या." तो सल्ला चांगला होता, पण जुळवून घेणं ही गोष्ट कुठे थांबवायची हे कळायला हवं. मी डावी बाजू उजवीशी जुळवली, उजवी डावीशी जुळवली, आणि शेवटी ट्रिक्सी संपूर्ण जुळली. ती टेबलावर उभी होती ती एखाद्या सोललेल्या बटाट्यासारखी, डोक्यावर तेवढा तुरा.

मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून आर्डिसकडे नेलं. आर्डिसने टॉवेल उघडला.

"हं," ती म्हणाली. "वेगळी दिसतेय."

बाहेरच्यांना हे वाक्य साधं वाटेल. आमच्याकडे याहून कडक शब्द नाही. आम्ही वादळात छप्पर उडालं तरी "वेगळं झालं" म्हणतो. त्या रविवारी, भर ऑगस्टात, ट्रिक्सी विणलेला स्वेटर घालून चर्चच्या दाराशी उभी होती, आणि प्रत्येक माणूस तिच्याकडे पाहून मग माझ्याकडे पाहत होता. आर्डिस त्यानंतरही माझ्याकडे केक आणत राहिली, पण अक्रोड न घालता.

मी कसाबसा पास झालो आणि शरद ऋतूत घोड्यांच्या वर्गात शिरलो.

तिथल्या शिक्षिका मिस डार्सी प्रुएट. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, वेणी घातलेली, आणि आवाज असा की शेडच्या टोकाचा घोडासुद्धा ताठ उभा राही. ती मला "मिस्टर हॉगलँड" म्हणायची आणि मी तिला "मिस प्रुएट". बाकी सगळा वर्ग तिला डार्सी म्हणायचा. पण काउंटरच्या आतल्या माणसाला मान द्यावा या मताचा मी आहे.

पहिल्या दिवशी तिने फळ्यावर एकच गोष्ट लिहिली. डावी बाजू.

"घोड्याकडे जायचं ते त्याच्या डाव्या खांद्याकडून," ती म्हणाली. "मोरकी डावीकडून. दोर डावीकडून. खोगीर डावीकडून, चढणं डावीकडून, उतरणं डावीकडून. जगात कुठेही जा, घोडा हेच शिकलेला असतो."

"का?" मी विचारलं.

"पूर्वी शिपायांच्या डाव्या कमरेला तलवार असायची. उजवीकडून चढायला गेलं तर ती आडवी यायची."

माझ्याकडे तलवार नव्हती, पण मी वाद घातला नाही. नियमाला कारण होतं, ते कारण संपलं होतं आणि नियम चालू होता. काउंटीत मी तीस वर्षं अशाच नियमांवर पोट भरलं.

मला कॉलेजचा एक म्हातारा घोडा दिला, त्याचं नाव डीकन. तो उभ्या उभ्या झोपायचा. मी डाव्या खांद्याकडून जायचो, मानेवरून दोर टाकायचो, मोरकी घालायचो, आणि डीकनला या सगळ्याची बातमी बहुधा नंतर लागायची. एकदा तो माझ्या पायावर उभा राहिला. मी त्याला ढकललं, विनवलं, त्याच्याशी काउंटरवरच्या आवाजात बोललो. शेवटी एका मुलीने चिप्स खाता खाता त्याला कोपराने जरासं टोचलं आणि तो सरकला. "त्याला सांगावं लागतं, ऑरिन," ती म्हणाली. माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलं. मी बूट काढून ते सगळ्यांना दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला घोड्याने केलेली जखम झाली होती.

मिस प्रुएटने सर्वांसमोर सांगितलं, "मिस्टर हॉगलँडकडे बघा. पायरी चुकत नाहीत." मी त्या दिवशी गाडी चालवत घरी आलो तो शीळ घालत. अंगणात आल्यावर हे सांगायला मी घराकडे निघालो आणि अर्ध्या वाटेत आठवलं, की घरात कुणी नाही.

मग मी टिलीला सांगायला गेलो. डाव्या खांद्याकडून.

मार्लिसची दोराची मोरकी खुंटीवर होती. तिच्या गाठी उलट्या बाजूला होत्या. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे मी त्या सोडून डाव्या बाजूला नीट बांधून घेतल्या आणि मनात म्हटलं, शास्त्र न शिकता माणूस काय काय करतं. टिली तिच्या खांबापाशी उभी होती. मी हळू, तिरका, डाव्या खांद्याच्या रोखाने गेलो. तिने कान मागे टाकले. मी हात वर केला. ती अशी फिरली की मी तिच्या पाण्याच्या टाकीत बसलो.

डेल्बर्टने मशीन बंद केलं.

"कॉलेजात हे शिकवतात?" त्याने विचारलं.

"ही पहिली पायरी आहे," मी टाकीतून म्हणालो.

पहिली पायरी महिनाभर चालली. मी डावीकडून जायचो, ती गोल फिरून मला पुन्हा डोळ्यासमोर आणायची, मी पुन्हा डावीकडून जायचो. कॉलेजात डीकन, घरी टिली. कॉलेजात मी वर्गातला आदर्श आणि घरी डेल्बर्टची करमणूक. तिचे खूर कडेला चिरायला लागले होते. चालताना ती पुढचा एक पाय जपून टाकायची. ते डेल्बर्टला दिसू नये म्हणून मी कुंपणाच्या त्याच्या बाजूला उभा राहायचो, जणू माझ्या उभं राहण्याने काही झाकलं जाणार होतं.

आणि ऑक्टोबर आला, जसा तो येतो.

सत्राअखेरच्या परीक्षेत प्रत्येकाने घोडा पकडून, चालवून, त्याचे चारही पाय उचलून दाखवायचे होते. मिस प्रुएट म्हणाली, "तुम्ही डीकनवर द्या. डोळे मिटून पास व्हाल."

"डीकनला पकडायला मी आलो नव्हतो."

तिने जरा विचार केला. "तुमची घोडी इथे आणता येईल?"

"आणता आली असती तर परीक्षेची गरज नव्हती."

म्हणून ती आमच्या घरी आली, शुक्रवारी. कॅरिन आदल्या दिवशी आलेली होती. शनिवारी बाजार. डेल्बर्टने ट्रेलर आधीच ट्रकला जोडून आमच्या फाटकाशी आणून लावला होता. "नुसता लावलाय," तो म्हणाला. "अगदीच लागला तर." आर्डिस कॉफीचा थर्मास आणि केक घेऊन आली, स्वेटरमधली ट्रिक्सी काखेत. कुंपणाला टेकून सगळे ओळीने उभे राहिले. लग्नात माझ्या बाजूला याहून कमी माणसं होती.

मिस प्रुएटने मान हलवली. मी डाव्या खांद्याकडून निघालो. टिली फिरली. मी पुन्हा निघालो. ती पुन्हा फिरली, आणि तिच्या पायातलं लंगडणं सगळ्यांना दिसलं. तिसऱ्यांदा मी तिच्या मानेला हात लावला आणि तिने मला कुंपणापर्यंत चालवत नेलं, मी मागे मागे, ती पुढे पुढे.

"बाबा," कॅरिन म्हणाली. "पुरे."

"अजून एकदा."

"ती लंगडतेय. तिलाच त्रास होतोय." कॅरिनने कुंपणाची तार धरली. "ती आईची आहे हे मला कळतं."

डेल्बर्टने ट्रेलरचं दार उघडलं नाही, पण त्याच्या कडीवर हात ठेवला.

शांतता असह्य झाली की आर्डिस बोलते. ती केक कापत म्हणाली, "काय माणूस आहे. महिनाभर रोज सकाळी माझ्या खिडकीतून याला अख्खा बघतेय. बारा वर्षं मार्लिस इथे यायची, पण ती कधी अख्खी दिसली नाही. घोडीच्या पाठीवरून नुसती टोपी दिसायची."

"काय दिसायची?" मी म्हणालो.

"टोपी. ती निळी. ती नेहमी पलीकडे असायची ना."

आर्डिसची खिडकी आमच्या कुंपणाच्या डाव्या अंगाला आहे. टिली खांबापाशी नेहमी घराकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे तिची डावी कूस आर्डिसच्या खिडकीकडे. आणि मार्लिस पलीकडे.

मार्लिस डावखुरी होती. हे मला माहीत होतं. मी एकोणचाळीस वर्षं टेबलाशी तिच्या उजव्या हाताला बसत आलो, कोपरं आपटू नयेत म्हणून. कात्र्या तिच्या वेगळ्या होत्या. बटाट्याची सोलणी वेगळी होती. डावखुऱ्या बाईने एकटीने एक घोडी शिकवली तर ती कोणत्या बाजूने शिकवील, एवढी गोष्ट मला कॉलेजचं एक अख्खं सत्र शिकून सुचली नव्हती. बारा वर्षं टिलीला पकडायला एकच माणूस आलं होतं आणि ते उजवीकडून आलं होतं. डावीकडून येणारा तिच्या हिशेबी चोर.

मी मोरकीच्या गाठी सोडल्या. मिस प्रुएट म्हणाली, "मिस्टर हॉगलँड, त्या बरोबर होत्या." मी म्हणालो, "हो, बरोबर होत्या," आणि त्या उलट्या बांधल्या, पूर्वी होत्या तशा.

मग मी टिलीला लांबून वळसा घालून उजवीकडे गेलो. ती फिरली नाही. माझा डावा हात कधी कुठल्या कामाचा नव्हता, तो मी पुढे केला. मोरकी वेडीवाकडी धरली होती. टिलीने कान पुढे केले, मान खाली घातली आणि नाक आपण होऊन दोराच्या फासात घातलं. मला फक्त गाठ मारायची होती. ती मारायला मला फार वेळ लागला आणि ती तशीच मान घालून थांबली.

त्या बाजूने काय दिसतं म्हणाल तर काही नाही. वाळलेलं गवत, तार, लांबवर पाण्याची टाकी. मी तिथे जरा उभा राहिलो. कुंपणाकडच्या लोकांना माझी टोपी दिसत असेल.

मग मी तिला चालवलं. पाय उचलायला सांगितले, तेही उजवीकडूनच. उजवीकडचे दोन्ही तिने दिले. डावीकडच्या पायांसाठी वाकून पलीकडे हात घालायला गेलो, तर माझीच पाठ धरली. परत आलो तेव्हा कॅरिन तिथे नव्हती. आर्डिस म्हणाली, "ती कॉफी बघायला आत गेलीय." कॉफी आर्डिसच्या हातात होती. डेल्बर्ट ट्रेलर ओढून घेऊन गेला आणि थोड्या वेळाने त्याच्या मशीनचा आवाज सुरू झाला.

मिस प्रुएट हातातल्या कागदाकडे बघत होती.

"मिस्टर हॉगलँड, घोडी तुमच्या हाताला आली हे मी पाहिलं. पण परीक्षेत 'डाव्या बाजूने' असं लिहिलंय. सगळ्या पायऱ्या."

"लिहिलंय खरं."

"उद्या तुमच्या मागे कुणी दुसरा तिला सांभाळेल. जनावरांचा डॉक्टर येईल. ते सगळे डावीकडूनच येणार."

तिचं बरोबर होतं. मला राग यायला हवा होता, पण इतक्या स्वच्छ शब्दांत नियम सांगणारं माणूस मला काउंटीतसुद्धा फार भेटलं नाही.

"म्हणजे मी नापास?"

"नाही. 'अपूर्ण'. वसंताच्या सत्राआधी डावी बाजू करून दाखवलीत की पास." तिने सही केली आणि मग टिलीची मान उजवीकडून थोपटली. टिलीने ते चालवून घेतलं. "माझ्या वर्गात डीकनवर पास झालेले पुष्कळ आहेत," ती म्हणाली, आणि आर्डिसचा केक खायला गेली. त्यात अक्रोड होते. पाहुण्यांसाठी असतात.

सोमवारी लोनी आला. मी टिलीच्या उजव्या अंगाला दोर धरून उभा राहिलो आणि लोनीने चारही खूर कापले. मी उजवीकडे आहे तोवर डावीकडे कोण काय करतंय याची तिला पर्वा नव्हती. लोनी म्हणाला, चीर वर गेलेली नाही, थंडीपर्यंत भरून येईल. कॅरिनला मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं, बाबा," आणि मग बराच वेळ फोन ठेवला नाही.

आता रोज सकाळी मी उजवीकडून मोरकी घालतो आणि मग तिच्या तोंडासमोरून, एकेक पाऊल, पलीकडे जायला लागतो. कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यासमोर ती मला उभं राहू देते. त्याच्या पुढे गेलो की ती कान मागे टाकते आणि मी परत येतो. आर्डिस खिडकीतून हात करते.

डावी बाजू अजून झालेली नाही.